शाल, श्रीफळ आणि कंपायलर

उमरखेडला आमचं घर शोधायचं तर आडनाव सांगून काही उपयोग नसे. ‘ग्रेडरचं घर’ म्हटलं की पानठेल्यावर उभा असलेला कोणीही हात करून दाखवी. बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडी आत आली की ते बाही वर करून कोपरापर्यंत हात कापसात खुपसत, वरचा देखणा कापूस सोडून मधला ओढून काढत, दोन्ही अंगठ्यांमध्ये धागा ताणून बघत आणि प्रत सांगत. बस, एवढंच. त्या एका शब्दावर गाडीचा भाव ठरे आणि गाडीवाल्याचं वर्ष. काही जण हात जोडत, काही शिव्या देत, आणि बाबा दोघांकडेही सारख्याच चेहऱ्यानं बघून पुढच्या गाडीकडे वळत. लहानपणी मला त्यांचा तो चेहरा फार थोर वाटे. पुढे कॉलेजात गेल्यावर तोच चेहरा मला मख्ख वाटायला लागला.

हंगामात संध्याकाळी बाबा परत येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांवरच्या केसांत, सदऱ्याच्या शिवणीत रुई बसलेली असे. आई त्यांना आधी मागच्या अंगणात उभं करी आणि ओल्या फडक्यानं झटकून काढी. मग ते मोरीत बराच वेळ खोकत. त्यांचं खोकणं थांबलं की आई तव्यावर भाकर टाकी, हे आमच्या घरातलं घड्याळ होतं. अंबाडीची भाजी, तिच्यावर लसणाचं कडकडीत तेल, ज्वारीची भाकर आणि वाटीत जवसाची चटणी. बाबा जेवताना बोलत नसत, पण भाजीवर तेल पडल्याचा चर्र आवाज झाला की एकदा आईकडे बघत. पुण्यात आता अंबाडी बारा महिने मिळते. मी आणते, करते, तेलही तसंच ओतते. मुलगा म्हणतो, आंबट आहे. असेल.

मी सांगते आहे ते वर्ष वाईटच होतं. कापूस वेचणीला आला आणि दसऱ्यानंतर पाऊस आला. भिजलेला, डाग पडलेला कापूस गाड्या भरभरून केंद्रावर यायला लागला. आत गंजी लावायला जागा उरली नाही म्हणून वरून हुकूम आला आणि केंद्राचं फाटक बंद झालं. गाड्यांची रांग वाढत वाढत आमच्या घरासमोरून पुढे गेली. माणसं तीन दगड मांडून रस्त्याच्या कडेला स्वयंपाक करत, बैलांच्या गळ्यातल्या घंटा दिवसभर किणकिणत आणि आई दारात पाण्याचा माठ भरून ठेवी. फाटक उघडलं तेव्हा ओल्या कापसाला बाबांनी जी प्रत द्यायची तीच दिली. खालची.

त्यावर केंद्रावर मोर्चा आला, तो बापूरावांनी काढला होता. बापूरावांचं बसस्टँडजवळ बियाणं-औषधांचं दुकान होतं, आणि आंदोलन म्हटलं की तेच पुढे असत. वाईट माणूस नव्हता. रांगेतल्या माणसांचा जीव खरोखरच कंठाशी आला होता, आणि ज्यांनी हुकूम काढला ते उमरखेडात सापडणारे नव्हते. सापडले ते बाबा. बापूरावांनी ट्रॅक्टरच्या इंजिनातलं जळकं तेल हाताला घेतलं आणि त्यांच्या तोंडाला फासलं.

त्यांना घरी घेऊन आले राठोड. राठोड आमच्या भागाचे बातमीदार, फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचे. त्यांनीच फोटो काढला होता आणि मग त्यांनीच बाबांना आपल्या लुनावर मागे बसवून गल्लीच्या लोकांसमोरून आणलं होतं. दारात लुना उभी करून ते आईला म्हणाले, “वहिनी, डोळ्यात गेलं नाही तेल. मी पाह्यलं.” आणि आत न येताच गेले.

आईनं आधी रॉकेलचा बोळा फिरवला, मग बेसन, मग साबण. मी तांब्यानं पाणी घालत होते. बाबा डोळे मिटून पाटावर बसले होते, लहान मुलाला न्हाऊ घालताना बसवतात तसे. कानाच्या पाळीमागचं आणि नाकपुडीच्या कडेचं काळं काही केल्या निघेना. आई घासत राहिली. शेवटी बाबाच म्हणाले, “राहू दे आता. कातडं निघून राह्यलं.” दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. फोटोत त्यांचे फक्त डोळे आणि दात दिसत होते, आणि मला, त्यांच्या मुलीला, पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की आता कॉलेजात कसं जायचं.

बाबांनी रजा टाकली आणि मधल्या खोलीत बसून राहिले. दिवाळी आली. आईनं रीत म्हणून अनारसे केले. ते तुपात सोडल्याचा वास घरभर फिरला, पण खायला कोणी हात पुढे केला नाही. बाबा ताटावर बसत, अर्धी भाकर मोडून ठेवत आणि उठत. रस्त्यावरून बैलगाडी गेली की त्यांचं लक्ष खिडकीकडे जाई आणि ते पाठ फिरवून बसत. मला ते घर सोसेना. कुठेतरी जाऊन दिवसभर बसता येईल अशी एकच जागा मला ठाऊक होती, आणि ती म्हणजे कॉलेजची कॉम्प्युटरची खोली.

मोहरील सर आम्हाला कॉम्प्युटर शिकवत. सरळ, घाबरट, फार चांगला माणूस. त्यांच्या मित्रानं पुण्याहून एक सीडी पाठवली होती. एका मशीनवर सरांनी लिनक्स बसवलं होतं, पण त्यावरचा कंपायलर जुना होता आणि चुका शोधायचा डिबगर तर नव्हताच. सीडीवर दोन्ही होते, पण तयार नव्हते. त्यांचा नुसता सोर्स होता, म्हणजे माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर, हजारो फायलींचा. आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देतो तो कंपायलर. आणि हा कंपायलर स्वतःही एक लिहिलेला प्रोग्रामच, म्हणजे त्यालाही कोणीतरी तसंच करून द्यायला हवं. जगभरातल्या लोकांनी तो लिहिला होता आणि कोणालाही घ्या म्हणून मोकळा सोडला होता. सर म्हणाले, “विजू, सुट्टीत खोलीची किल्ली ठेव. जमलं तर पाह्य. बिघडलं तर प्राचार्यांना सांगू नको.”

आज हे काम एक ओळ टाइप करून, चहा होईपर्यंत उरकतं. तेव्हा माझी सगळी सुट्टी त्यात गेली. पहिली आज्ञा दिली की मशीन स्वतःलाच प्रश्न विचारत सुटे. हे आहे का, आहे. ते आहे का, नाही. ‘नाही’ आलं आणि ती गोष्ट गरजेची असली की सगळं थांबे. मग सीडीवर ती गोष्ट शोधायची, आधी ती तयार करायची, आणि त्या गोष्टीलाही आणखी कशाची तरी गरज असायची. हे सगळं उरकून खरं काम सुरू झालं की पडद्यावर ओळी वर सरकायला लागत आणि डिस्कची करकर खोलीभर ऐकू येई. मी खुर्चीत पाय वर घेऊन त्या ओळी बघत बसे. घरी न जाण्याचं याहून चांगलं कारण मला मिळालं नसतं.

मधेच मेमरी संपली म्हणून काम अडलं. डिस्कवर जागा काढून ती मेमरीसारखी वापरायची युक्ती सोबतच्या माहितीत सापडली, ती केली, काम पुढे गेलं, पण इतकं हळू की एका फायलीला मी दोनदा खोलीबाहेर फेरी मारून येई. आणि भारनियमन होतंच. वीज गेली की पंख्यासकट सगळं गप्प. परत आली की मशीन आधी आपली डिस्क तपासत बसे. पण एक फार सुंदर गोष्ट होती. तीच आज्ञा पुन्हा दिली की ते काम पहिल्यापासून सुरू होत नसे. झालेलं किती, उरलेलं किती, हे ते फायलींच्या वेळा बघून ओळखे आणि उरलेलंच करे. मला याचं इतकं कौतुक वाटे की वीज गेल्याचं दुःख वाटेनासं झालं. मग एकदा हाच शहाणपणा अंगावर आला. सगळे तुकडे तयार झाले, ते जोडायची वेळ आली आणि जोडणी काही केल्या होईना. चूक भलतीकडेच दाखवी. मी त्या चुकीमागे किती दिवस फिरले ते आठवत नाही. शेवटी कळलं की वीज गेली त्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती ती रिकामीच राहिली होती. नाव होतं, वेळ होती, आत काही नव्हतं. मशीनला वाटलं, ही झालेली आहे. मी ती पुसून टाकली, तीच आज्ञा पुन्हा दिली, आणि जोडणी झाली.

जुन्या कंपायलरनं नवा तयार केला. त्या नव्यानं पुन्हा स्वतःलाच तयार केलं, आणि त्यानं आणखी एकदा. शेवटच्या दोघांची तुलना झाली आणि दोघे एकसारखे निघाले. मी तो मशीनवर बसवला. मग डिबगर. तो त्या मानानं लवकर झाला. माझाच एक प्रोग्राम होता, चालता चालता मरून पडणारा. तो डिबगरमध्ये घालून चालवला. तो मेला आणि डिबगरनं ज्या ओळीवर मेला ती ओळ समोर ठेवली. मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं हसले. कित्येक दिवसांत मी हसले नव्हते, हे मला तो आवाज ऐकून कळलं.

कॉलेज उघडल्यावर मोहरील सरांना इतका आनंद झाला की त्यांनी भेटेल त्याला सांगितलं. त्यांच्याकडून ते राठोडांना कळलं आणि राठोड वही न घेताच खोलीत आले. फोटोनंतर ते मला पहिल्यांदाच भेटत होते. आम्ही दोघं एकमेकांकडे नीट बघत नव्हतो.

“काय केलं याडी तुवा?” त्यांनी विचारलं. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. लाडानं मुलीलाही म्हणतात.

“काका, कंपायलर बिल्ड केला. सोर्सवरून.”

“बिल्ड म्हणजे?”

“म्हणजे… बनवला.”

“तूच?”

“हो, मीच. एकटीनं. पण तो मुळात—”

“अन् असा कंपायलर उमरखेडात आणखी कोणाकडे आहे?”

“नाही.”

“यवतमाळले?”

“माहीत नाही. नसेल.”

ते पडद्याकडे बघून म्हणाले, “मी रोज काय लिहितो मालूम आहे ना तुले? कोण्या गावात कोण गेला, कसा गेला. संपादक म्हणते, राठोड, तुमच्या जिल्ह्यात दुसरं काही होत नाही काय?” आणि उठून गेले. मुळात तो कोणी लिहिला हे मी सांगणारच होते. त्यांनी विचारलं नाही, हे खरं. मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले नाही, हेही खरं.

पेपर आला. ‘उमरखेडच्या कन्येने बनवला संगणकाचा कंपायलर’. खाली ठळक अक्षरात, ग्रेडरच्या मुलीची जागतिक झेप. आपल्या भाषेत घर बांधणाऱ्या गवंड्यानंही घर बनवलेलं असतं आणि नकाशा काढणाऱ्यानंही. इथे तर मी गवंडीही नव्हते. दुसऱ्यांनी सांगितलेल्या क्रमानं दुसऱ्यांनी लिहिलेलं मी मशीनमधून काढलं होतं. मी पेपर घेऊन मधल्या खोलीत गेले आणि थबकले. बाबांनी दाढी केली होती. स्वच्छ सदरा घातला होता. पिशवी घेऊन ते दारात चपला घालत होते.

“बाजारातून येतो,” ते म्हणाले. जणू रोजच जात होते.

परत आले ते जिलबी घेऊन. चौकात कोण कोण भेटलं, कोण काय म्हणालं, हे ते सांगत होते. पानठेलेवाला ‘कंपायलरताईचे बाबा’ म्हणाला. बोलता बोलता ते आख्खी भाकर जेवले आणि त्यांनी दुसरी मागितली. आईनं ती वाढली आणि माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते.

मी स्वयंपाकघरात तिला गाठलं. म्हटलं, “आई, ते चुकीचं छापलंय. मी तो लिहिलेला नाही. दुसऱ्यांचा आहे. मी नुसता बसवला.”

ती परात घासत होती. हात थांबले. “दुसऱ्याचा म्हणजे? चोरला?”

“नाही गं. त्यांनी सगळ्यांसाठी ठेवलाय. कोणीही घ्यावा.”

“मंग झालं तं.”

“झालं नाही ना. लोकांना वाटतंय मीच लिहिला.”

ती पुन्हा घासायला लागली. मग अगदी हळू म्हणाली, “विजू, आता कुठं त्याईच्या पोटात दोन घास जाऊन राह्यले. थोडे दिवस थांब. मंग सांग काय सांगायचं ते.”

मी थांबले. थांबणं सोपं होतं. आणि खोटं कशाला बोलू, गल्लीतून जाताना लोकांनी आपल्याकडे बघावं आणि ते बघणं चांगलं असावं, हे मला आवडत होतं.

बापूराव स्वतः घरी आले. बाजार समितीच्या सभागृहात सत्कार ठेवला आहे, म्हणाले, मुलीचा आणि वडिलांचा. उभ्यानंच बोलले, चहा घेतला नाही, आणि बाबांच्या चेहऱ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. बाबा म्हणाले, “येतो.”

थंडी पडायला लागली होती. सभागृहात व्यापारी, अडते, कॉलेजची मुलं आणि पुष्कळ शेतकरी होते, त्यातले काही मोर्चातलेही असणार. आई बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत बसली होती. बाबांनी लग्नातला कोट घातला होता. बापूरावांनी आधी त्यांच्या अंगावर शाल घातली, मग माझ्या, आणि टाळ्या पडल्या. नारळ मी धरला. मग बापूराव बोलायला लागले. अमेरिकेला जे जमलं नाही, ते आपल्या मातीतल्या पोरीनं करून दाखवलं. टाळ्या. “अन् मी आज सांगून ठेवतो, उद्या हीच ताई असं यंत्र बनवणार आहे की कापसाची प्रत यंत्रच सांगीन! कोण्या माणसाच्या हातात शेतकऱ्याचं नशीब राहणार नाही! ग्रेडरच लागणार नाही!” छपराला भिडतील अशा टाळ्या पडल्या. शिट्ट्याही. मी बाबांकडे बघितलं. शाल पांघरून ते सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते आणि हसत होते. सगळ्यांनी हसायचं असतं म्हणून हसतात तसं.

ते हसणं मला बघवलं नाही. धाडस म्हणावं असं काही माझ्यात नव्हतं. मी नुसती उठले आणि माइकपाशी गेले. म्हटलं, “हा कंपायलर मी लिहिलेला नाही. जगातल्या खूप लोकांनी मिळून लिहिलाय, फुकट दिलाय. मी तो फक्त इथल्या मशीनवर चालता केला. सोबत कसं करायचं ते लिहिलेलं असतं, तसं केलं. असं यंत्र मला बनवता येत नाही. पेपरात चुकीचं आलंय.”

मागून एक मुलगा ओरडला, “म्हणजे कॉपी मारली!” आणि हशा पिकला. तेवढ्यात बापूरावांनी माइक घेतला. “पाह्यलं! पाह्यलं का नम्रता! याले म्हणतात संस्कार! एवढं करूनही म्हणते मी काहीच केलं नाही!” आणि पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या. मी पुन्हा तोंड उघडलं, पण माइक दुसऱ्याच्या हातात गेला होता आणि आभार सुरू झाले होते. एवढ्या माणसांत माझं बोलणं एकट्या बाबांना खरं वाटलं होतं. ते टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी शाल काढून मांडीवर घेतली होती आणि तिची नीट घडी करत होते.

घरी आल्यावर त्यांनी मला मधल्या खोलीत समोर बसवलं. “आता सांग. मले समजीन असं सांग.” मी सांगितलं. सोर्स म्हणजे काय, बनवणं म्हणजे काय, मी काय केलं, काय केलं नाही. ते मधे मधे विचारत होते, गाडीतला कापूस खालून वर काढावा तसं. “म्हणजे हे करायले मेहनत लागली?” हो. “तुह्या अक्कलनं काही सुधारलं त्याच्यात?” नाही. “दुसऱ्या कोणाले जमलं असतं?” वेळ दिला असता तर मोहरील सरांनाही.

“अन् हे तुले पेपर आला त्या दिवशीच माहीत होतं.”

“हो.”

“तुह्या आईले?”

आई दाराशी उभी होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना काय ते कळलं. पेपर आल्यापासून आपल्याला सांभाळून घेतलं जात होतं, हे कळलं. तोंडाला काळं फासलं त्या दिवशीही मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. ते एवढंच म्हणाले, “फरदडीले पहिली प्रत लिहिता येत नाही मले. पोरगी माही असली तरी.” फरदड म्हणजे हंगाम संपताना निघणारा, झाडावर उरलासुरला कापूस.

सकाळी ते बातमी दुरुस्त करून घ्यायला राठोडांकडे गेले. मला सोबत नेलं. राठोड ओसरीवर दात घासत होते. “कायले ग्रेडर साहेब?” ते कळवळून म्हणाले. “माह्या हातानं तुमचा तो फोटो गेला. एक तरी चांगली बातमी जाऊ द्या ना माह्या हातानं.” बाबा म्हणाले, “तो फोटो खरा होता, राठोड.” राठोडांनी चूळ भरली आणि तशीच धरून उभे राहिले. बऱ्याच वेळानं ती अंगणात टाकली. खुलासा दोन दिवसांनी आला, आतल्या पानावर, चार ओळींचा. पण पहिल्या बातमीपेक्षा जास्त लोकांनी वाचला असावा. पानठेल्यावर बाबांना ‘कंपायलर’ म्हणून हाका मारायला लागले ते त्यानंतर. मोहरील सरांना प्राचार्यांनी बोलावून घेतलं आणि खोलीची किल्ली काढून घेतली. सर मला काही बोलले नाहीत. नवा मशीनवरून काढून टाकला गेला आणि तो जुना कंपायलर पुन्हा वापरात आला.

आणि बाबांनी दोन्ही शाली कागदात बांधल्या. नारळ आईनं आधीच फोडला होता, त्याची बर्फी झाली होती आणि आम्ही ती खाल्लीही होती. बाबांनी वाटेत नवीन नारळ घेतला, चांगला हलवून, आतलं पाणी ऐकून. पिशवी माझ्या हातात दिली. आम्ही बापूरावांच्या दुकानात गेलो तेव्हा गिऱ्हाईकं होती. बाबांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून फवारणीच्या डब्यांशेजारी काउंटरवर ठेवली.

“हे काय, ग्रेडर साहेब?”

“ज्याच्यासाठी दिलं ते झालंच नाही.”

“अहो ठेवा ना. लहान पोरगी आहे, कौतुकानं दिलं.”

“कौतुक पोचलं. हे ठेवा.”

बापूराव त्या शालींकडे बघत राहिले. मग त्यांनी आवाज खाली आणला, पण मी जवळ होते, मला ऐकू आलं. “साहेब, त्या दिवशी… ते तेल… लोकं लय पेटलते. मले मागे हटता आलं नाही.”

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. माफ केलं असंही त्या बघण्यात नव्हतं, आणि नाही असंही नव्हतं. “मी उद्यापासून कामावर येऊन राह्यलो,” ते म्हणाले. “तुमच्या लोकांले सांगा, कापूस वाळवून आणा म्हणा. वाळवला तं वरची प्रत देता येते मले.” आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले.

मी पुढे पुण्याला गेले. त्यानंतर आजवर कंपायलर आणि डिबगर यांवरच माझं पोट आहे. मी लिहिलेल्या काही ओळी आता त्या मोकळ्या सोडलेल्या सोर्समध्ये आहेत, आणि कुठल्यातरी गावात कोणी तो बनवत असेल तर त्याही पडद्यावरून सरकत असतील. हे बाबांना एकदा फोनवर सांगितलं. “तुवा लिहिल्या?” त्यांनी विचारलं. हो म्हटलं. “नक्की?” हो बाबा, नक्की. ते हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण तो प्रश्न मला त्यांनी विचारायची वेळ मीच आणली होती.

त्या दिवशी बापूरावांच्या दुकानातून निघालो तेव्हा रस्त्यावर ऊन आलं होतं. शाळा सुटली होती आणि मुलं ‘कंपायलर, कंपायलर’ करत आमच्या बाजूनं पळत गेली. बाबा नेहमीच्या चालीनं पुढे चालले होते. जराशानं मी मागे राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि ते थांबले. मी जवळ गेले की चालायला लागले. मी पुन्हा मागे राहिले. ते पुन्हा थांबले. त्यांना वाटलं असेल, पोरांच्या चिडवण्याची मला लाज वाटते आहे. तसं नव्हतं. त्यांना इतके दिवस खोट्यात ठेवून आता त्यांच्या शेजारून चालायचं मला धाडस होत नव्हतं. कोपऱ्यावर त्यांनी काही न बोलता माझ्या हातातली रिकामी पिशवी घेतली, घडी करून खिशात घातली आणि माझा हात धरला. मी कॉलेजात जाणारी मुलगी, भर रस्त्यात. घर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही आणि मी मान वर केली नाही.